तोलपावती

रात्री अडीचला
निनाद श्वास घेतो, सोडतो, घेतो,
आणि मग घेतच नाही.
मी मोबाईलवर सेकंद मोजतो.
आठ. नऊ.
अकराव्याला त्याच्या गळ्यात काहीतरी सरकतं,
ओली गोणी फरशीवरून ओढल्यासारखं,
आणि तो कूस बदलतो.
वृषालीही जागी असते.
आम्ही दोघं एकमेकांना
झोपल्याचं दाखवत पडून राहतो.

वाशीच्या डॉक्टर टिपणीसांनी त्याला 'आ' करायला लावलं,
मलाही वाकून बघू दिलं:
दोन गुलाबी सुपाऱ्या,
मध्ये जेमतेम करंगळी जाईल एवढी वाट.
"काढून टाकू या," म्हणाले,
जसं कुणी म्हणावं, खिडकी उघडू या.

नौपाड्याच्या बाई म्हणाल्या, थांबा.
सातच वर्षांचा आहे.
गळा वाढतो, ह्या आक्रसत जातात.
वर्षात किती वेळा पडला आजारी, लिहून ठेवलंय?
वृषालीने कॅलेंडरच गुंडाळून आणलं होतं.
दुधाच्या खाड्यांशेजारी लाल पेनाने 'ता',
तापाचा ता.
बाईंनी पान उलटत मोजले. सहा.
"सात असते तर मीसुद्धा म्हटलं असतं, काढा."

एका तापाने अलीकडे राहिलो.

परतताना विटाव्याच्या पुलाखाली गाडी अडकली.
निनाद मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेला.
वृषाली म्हणाली,
ऑगस्टात एकदा कपाळ तापलं होतं त्याचं,
मी लिहायला विसरले.
मग बराच वेळ काही नाही.
मग, "की नव्हतं तापलं?"

आबा सांगतात, जावळीला एक म्हातारी होती,
अंगठ्याला मीठ लावून टाळू दाबायची.
पोर किंचाळायचं आणि तासाभराने भाकरी मागायचं.
देवानं दिलेलं कशाला कापायचं?
तीस वर्षं गोण्या वाहिलेला माणूस,
त्याची पाठ दोनदा निकामी झाली, तरी त्याने कुणाला हात लावू दिला नाही.
पण रात्री तेच उठून
नातवाच्या उशीखाली चादरीची आणखी एक घडी सारतात.

मी कांदा-बटाटा मार्केटात काट्यावर बसतो.
टनांवर सह्या करतो, मान वर न करता.
आणि हा एक कागद
चार दिवस डब्याच्या पिशवीत.
भूल. रक्तस्राव. क्वचित प्रसंगी.
त्या 'क्वचित'पाशी माझा काटा
हलत राहतो, थांबत नाही.
किती ग्रॅम भरतील दोन्ही मिळून?
डॉक्टरांना विचारायची लाज वाटली.

निनादने विचारलं,
"टोनशील घरी देतील ना? दात दिला होता."
म्हटलं, बघू.
"आणि आवाज माझाच राहील?"
त्याचं नाव ठेवताना आम्ही दोन वह्या भरल्या होत्या.
तुझाच राहील, म्हणालो,
कुणालाही न विचारता.

काल रात्री पुन्हा मोजायला बसलो.
तेरा. चौदा.
सतराला मोजणं टाकलं आणि त्याला हलवलं,
जरा जोरातच.
डोळे न उघडता तो म्हणाला, "पाणी."
अर्धा पेला प्यायला, अर्धा माझ्या बनियनवर.

सकाळी चहाच्या आधी सही केली.
परीक्षा संपल्यावरचा मंगळवार.
आबांनी पेपर तोंडासमोर धरला, पान उलटलं नाही.
"पक्कं झालं मनात?" वृषालीने विचारलं.
सही पक्की आहे, मी म्हणालो.

तिने कॅलेंडर खिळ्यावरून काढलं,
मंगळवार शोधायला, असं मला वाटलं.
पण ती पानं मागे उलटत गेली
ऑगस्टापर्यंत,
आणि टोपण काढलेलं लाल पेन हातात धरून
तिथेच उभी राहिली.
दूध उतू गेलं तरी.